साडेसातशेचा, चार हजारांचा की आठ हजारांचा? एसएमपीएस घेताना

लॅमिंग्टन रोडवर असेंबल्ड पीसीचं कोटेशन घेतलं की प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड सगळं मॉडेल नंबरसकट लिहिलेलं असतं. तळाशी एका ओळीत नुसतं 'कॅबिनेट विथ एसएमपीएस'. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज पीसीच्या भागांना लागेल तशी करून देणारा धातूचा डबा. कोणत्या कंपनीचा, किती अँपियरचा, वॉरंटी किती, काही पत्ता नाही. भाच्याने गेल्या महिन्यात असंच एक कोटेशन मला पाठवलं आणि विचारलं, "मामा, यात कुठे पैसे वाचतील?" मी म्हटलं, कुठेही वाचव, ही शेवटची ओळ सोडून. मग त्याने स्वतःच शोधाशोध करून तीन पर्याय काढले. ते असे.

पहिला, कॅबिनेटबरोबर येतो तो '४५० वॅट'वाला. सुटा घेतला तर साडेसातशे-आठशे रुपये. दुसरा, नाव असलेल्या कंपनीचा ५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ (ही वीज कमी वाया घालवण्याची श्रेणी, गोल्ड तिच्या वरची), चार हजारांच्या आसपास. तिसरा, ७५० वॅट, ८० प्लस गोल्ड, सुट्या केबल्सचा म्हणजे मॉड्युलर, एटीएक्स ३.१ (पीसीच्या एसएमपीएससाठीची नियमावली) वाला, आठ हजारांच्या आसपास. भाव महिन्याला हलतात, पण एकास पाचास दहा हे प्रमाण साधारण तसंच राहतं.

पीसी कोणता, हे आधी सांगायला हवं, कारण त्यावाचून एसएमपीएसची तुलना म्हणजे पायाचं माप न घेता चपला घेणं. रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० हे कार्ड. प्रोसेसर जास्तीत जास्त ७६ वॅट घेतो, कार्ड ११५. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे धरून अगदी ताणून हिशेब केला तरी २५० वॅट. कॉलेजच्या गावांमधल्या खोल्यांत आज जे गेमिंग पीसी दिसतात त्यातले बरेचसे याच वजनाचे.

स्टिकर उलटा वाचा

"मग ४५० पुष्कळ झाला की!" असं भाचा म्हणाला. डब्यावरच्या आकड्यावर विसंबलं तर त्याचं बरोबर आहे. पण एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो, तो बघायचा. त्यात ३.३, ५ आणि १२ व्होल्ट असे रकाने आणि प्रत्येकाखाली अँपियर. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जगतात. म्हणजे खरी ताकद ती एवढीच: १२ व्होल्टचे अँपियर गुणिले १२.

पहिल्या पर्यायाच्या तक्त्यात १२ व्होल्टखाली १६ अँपियर होते. १६ गुणिले १२, झाले १९२ वॅट. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत फुगवून बसवलेले. ही जुन्या काळची मांडणी. तेव्हा प्रोसेसर ५ व्होल्टवरून वीज घ्यायचे. पेंटियम ४ च्या सुमारास तो भार १२ व्होल्टवर गेला, पण स्वस्त डब्यांची विचारसरणी तिकडे गेली नाही. दुसऱ्या पर्यायाचं उदाहरण म्हणून कॉर्सेअर सीएक्स५५० घ्या. त्याच्या १२ व्होल्टखाली ४५.८ अँपियर, म्हणजे ५४९.६ वॅट. जवळजवळ सगळी ताकद जिथे हवी तिथेच.

तेव्हा ४५० आणि ५५० मधला फरक शंभराचा दिसतो, पण कामाच्या जागी तो साडेतीनशेचा आहे. भाच्याच्या पीसीला पहिला पर्याय जेमतेमही पुरत नाही. त्यात या डब्यांना ग्राफिक्स कार्डची ८ पिनची केबल बहुधा नसतेच. दुकानदार मग हार्ड डिस्कच्या मोलेक्स केबलला जोडायचं कन्व्हर्टर देतो, "चालतं, सगळे वापरतात" म्हणतो. काही दिवस चालतंही. मग एक दिवस ते प्लास्टिक पिवळं पडतं, पुढे काळं.

जाता जाता: ७५० वॅटचा लावला म्हणून बिल वाढत नाही. पीसी मागेल तेवढीच वीज तो देतो. हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो.

ब्राँझ, गोल्ड आणि बिलाचा हिशेब

८० प्लस ही योजना २००४ साली सुरू झाली. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के पीसीला पोचते आणि किती उष्णता होऊन जाते, एवढंच ती मोजते. ११५ व्होल्टवरच्या कसोटीत २०, ५० आणि १०० टक्के भारावर ब्राँझला ८२, ८५, ८२ टक्के गाठावे लागतात, गोल्डला ८७, ९०, ८७. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर दोघंही थोडे बरे वागतात.

आता हा फरक रुपयांत किती? रोज चार तास पूर्ण जोरात गेम, वर्षातले ३०० दिवस, २५० वॅटने. पीसीला लागले ३०० युनिट. ब्राँझचे ८६ टक्के धरले तर मीटरवर ३४९ युनिट पडतात, गोल्डचे ९१ धरले तर ३३०. फरक १९ युनिटचा. युनिटला दहा रुपये धरा, वर्षाला १९० रुपये. दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायात अंतर चार हजारांचं, म्हणजे वसुलीला एकवीस वर्षं. तोवर भाच्याचा मुलगा पीसी मागत असेल.

तेव्हा 'गोल्ड घ्या, वीज वाचेल' हे दुकानातलं वाक्य घरच्या पीसीपुरतं सोडून द्या. चोवीस तास रेंडरिंग चालणाऱ्या स्टुडिओत गणित वेगळं येईल.

मग गोल्ड म्हणजे निव्वळ रंग का? तसंही नाही. गोल्डचे टक्के गाठायला आतली रचना सुधारावी लागते. एलएलसी पद्धतीचं, म्हणजे कमी वीज वाया घालवणारं कन्व्हर्टर येतं, ५ आणि ३.३ व्होल्ट हे १२ पासून वेगळ्या छोट्या सर्किटने बनवले जातात, घटकही बहुधा बरे असतात. ही वेगळी सर्किटं महत्त्वाची. स्वस्त आणि काही ब्राँझ एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ व्होल्ट एकाच लगामाला बांधलेले असतात. ग्राफिक्स कार्डने १२ व्होल्ट खाली ओढला की ५ व्होल्ट वर चढतो. २०१३ साली इंटेलच्या हॅसवेल प्रोसेसरांनी झोपेत १२ व्होल्टवरून जवळजवळ काहीच न घ्यायला सुरुवात केली, तेव्हा या जुन्या रचनेची अडचण सगळ्यांना कळली.

पण गोल्ड दर्जाची हमी नव्हे, याचा दाखला २०२१ चा आहे. गिगाबाइटचे जीपी-पी७५०जीएम आणि जीपी-पी८५०जीएम हे दोन एसएमपीएस चाचण्यांमध्ये धडाधड उडाले. दोघांवर गोल्डचा शिक्का होता. जादा भार आल्यावर बंद होण्याची मर्यादा १२० ते १५० टक्क्यांवर ठेवलेली होती. कंपनीने ती ११० ते १२० वर आणली आणि ठरावीक क्रमांकांचे नग बदलून दिले. टक्क्यांच्या परीक्षेत पहिला आलेला पोरगा संकटात कसा वागेल हे गुणपत्रिकेत लिहिलेलं नसतं.

सायप्रसमधली सायबेनेटिक्स ही संस्था याबाबतीत अधिक कामाची वाटते. ती कार्यक्षमतेला एटा आणि आवाजाला लॅम्डा अशा वेगळ्या श्रेणी देते, चाचण्या २३० व्होल्टवरही करते आणि अहवाल उघड ठेवते. मॉडेलचं नाव तिथे सापडलं तर रंगापेक्षा तो अहवाल वाचावा.

वाईट दिवशी कोण कसा वागतो

माझ्या मते पैसे या गोष्टीचे आहेत. सगळं सुरळीत असताना साडेसातशेचाही चालतो. माझा पहिला पीसी तशाच डब्यावर तीन वर्षं चालला. मग एका पावसाळ्यात वीज गेली-आली, फट्ट आवाज, जळका वास. तो मेला त्याचं दुःख नव्हतं. जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला, त्या डिस्कवर आईच्या साठीचे फोटो होते.

पहिल्या पर्यायाचं झाकण उघडलं (अर्थात प्लग काढून, आणि आतल्या कपॅसिटरना हात न लावता, कारण ते बंद असतानाही झटका देतात) तर सर्किट बोर्डवर रिकाम्या जागा दिसतात. छापलेलं सगळं असतं, बसवलेलं नसतं. दाराशी येणाऱ्या विजेचा फिल्टर नाही, व्होल्टेजचा लोंढा स्वतःवर घेणारा एमओव्ही नाही. ओव्हरव्होल्टेज, ओव्हरलोड, शॉर्टसर्किट, जास्त तापमान या चार संरक्षणांपैकी चालतं ते फार तर शॉर्टसर्किटचं. दुसऱ्या पर्यायात फिल्टर, एमओव्ही आणि बहुतेक संरक्षणं असतात. तापमानाचं मात्र तपासून घ्या, स्वस्त ब्राँझमध्ये तेच आधी गळतं.

दुसरी परीक्षा यूपीएसची. "यूपीएस आहे तरी लाइट गेली की पीसी रिस्टार्ट होतो," अशी तक्रार घरोघरी. बॅटरी बदलली जाते, यूपीएस बदलला जातो, दोष मात्र अनेकदा एसएमपीएसचा असतो. घरगुती यूपीएसला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ पीसी एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरच्या साठ्यावर तग धरतो. एटीएक्स ३.० च्या नियमानुसार ८० टक्के भारावर १७ आणि पूर्ण भारावर १२ मिलिसेकंद. स्वस्त डब्यात तो कपॅसिटरच बारका टाकलेला असतो. म्हणजे यूपीएसला घातलेले तीन हजारही वाया. यूपीएसचाही हिशेब करा: ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. भाच्याचा पीसी भिंतीतून २९० च्या आसपास ओढेल, मॉनिटरचे २५ धरून पुरतं, पण वर प्रिंटर लावू नये.

तिसरी गोष्ट गावाकडच्यांसाठी. पंप सुरू झाले की संध्याकाळी व्होल्टेज १८० च्या खाली उतरतं अशी गावं कमी नाहीत. स्टिकरवर 'एसी इनपुट' पुढे १००-२४० लिहिलं असेल तर एसएमपीएसला त्याचं काही वाटत नाही. २००-२४० लिहिलं असेल तर पीसी बंद पडेल. गंमत म्हणजे एकाच नावाच्या मालिकेत दोन्ही असू शकतात. कूलर मास्टरच्या एमडब्ल्यूई ब्राँझ व्ही२ मध्ये २३० व्होल्टवाली आणि फुल रेंज अशा दोन आवृत्त्या आहेत, नावातला तेवढा एक शब्द बघायचा. पुण्यामुंबईत राहणाऱ्याने यासाठी पाच-सातशे जास्त देऊ नयेत. बार्शीत, जतमध्ये राहणाऱ्याने द्यावेत. काही स्वस्त डब्यांना मागे ११५/२३० चा लाल खटका असतो. घरात लहान मूल असेल तर त्यावर आजच टेप लावा. आपल्या विजेवर तो ११५ कडे सरकवला तर पुढचा आवाज शेजाऱ्यांनाही ऐकू येतो.

आणि अर्थिंग. नवा, चांगला एसएमपीएस बसवला आणि कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, म्हणून तो 'खराब' ठरवून परत केल्याचं मी दोनदा पाहिलंय. चांगल्या एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेजपासून आणि न्यूट्रलपासून धातूच्या डब्याकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. घरात अर्थिंग नसेल तर डबा मधोमध, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी किरकोळ, पण हाताला कळतो. स्वस्त डब्यात फिल्टरच नाही, म्हणून मुंग्याही नाहीत, आणि लोक त्यालाच सुरक्षित समजतात! तिसऱ्या पर्यायासाठी बाजूला काढलेले जादाचे चार हजार असतील आणि घराला अर्थिंग नसेल, तर दुसरा घ्या आणि उरलेल्या पैशांत आधी वायरमन बोलवा.

वॉरंटी ही कंपनीची स्वतःची कबुली

कॉर्सेअरचेच दोन घ्या: सीव्ही५५० आणि सीएक्स५५०. दोन्ही ५५० वॅट, दोन्ही ब्राँझ, ऑनलाइन यादीत शेजारी शेजारी. सीव्हीला तीन वर्षांची वॉरंटी, सीएक्सला पाच. आत काय कमी-जास्त आहे हे बनवणाऱ्यालाच सगळ्यात चांगलं ठाऊक, आणि त्याने ते आकड्यात लिहून दिलंय. त्याच कंपनीच्या आरएमएक्स मालिकेला दहा वर्षं. सीसॉनिकच्या प्राइमला बारा. चारशे-पाचशे रुपये जास्त देऊन दोन वर्षं वाढत असतील तर मी डोळे मिटून देतो.

वॉरंटी कागदावर असून भागत नाही. नग कुठे द्यायचा, कुरिअरचा खर्च कोणाचा, किती दिवसांनी मिळतो, हे भारतातल्या वितरकावर अवलंबून. एसएमपीएस गेला की अख्खा पीसी बंद, त्यामुळे हे तीन प्रश्न दुकानातच विचारा आणि सीरियल नंबरसकट जीएसटी बिल घ्या. पहिल्या पर्यायाची वॉरंटी म्हणजे दुकानदाराने पेनाने स्टिकरवर लिहिलेली तारीख. दोन उन्हाळ्यांत ती शाई उडते.

उन्हाळ्यावरून आठवलं. ८० प्लसची चाचणी २३ अंशांच्या आसपासच्या खोलीत होते. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात कॅबिनेटच्या आत ५० अंश सहज होतात. म्हणून कंपनी तो पूर्ण वॅटचा आकडा ४० अंशांपर्यंत देते की ५० पर्यंत, हे बघावं. बऱ्याच स्वस्त ब्राँझला ४०, गोल्डला बहुधा ५०. कपॅसिटरवर ८५ किंवा १०५ अंश छापलेले असतात, तापमान दर दहा अंशांनी उतरलं की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. 'जपानी कपॅसिटर' ही जाहिरात ऐकली की मी विचारतो, सगळे की फक्त मोठा एकच? कोकणवाल्यांची अडचण निराळी. तिथे दमटपणा आहे आणि उबेला येणाऱ्या पाली आहेत. पालीपुढे गोल्ड आणि ब्राँझ सारखेच.

तिसरा कोणी घ्यावा

भाच्याने नाही. ४०६० ला ८ पिनची एक केबल पुरते, कंपनीची शिफारसच ५५० वॅटची आहे.

पण ४०७० किंवा त्याहून मोठं कार्ड आज असेल, किंवा दोन वर्षांत नक्की घ्यायचं असेल, तर तिसरा. नवी कार्डं क्षणभर आपल्या लिहिलेल्या वॅटच्या कितीतरी वर उसळी मारतात. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० ने एसएमपीएसला अगदी थोड्या मायक्रोसेकंदांसाठी दुप्पट भार झेलण्याची अट घातली ती त्यामुळे. त्याच वर्षाच्या शेवटी आरटीएक्स ४०९० चे नवे १६ पिनी कनेक्टर वितळल्याच्या बातम्या आल्या. मग ३.१ मध्ये त्या कनेक्टरच्या छोट्या पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट बसला असेल तर कार्ड वीज मागतच नाही. मोठं कार्ड घेणाऱ्याने ३.० आणि ३.१ मधला हा बारकावा बघावा, लहान कार्डवाल्याने त्यावर झोप उडवू नये.

तिसऱ्याची आणखी एक खरी चैन म्हणजे शांतता. कमी भारावर पंखा बंदच राहतो. रात्री शेजारी कोणी झोपलेलं असेल, किंवा घरात आवाज रेकॉर्ड करत असाल, तर चार हजारांपैकी दोन त्याचेच समजा.

मॉड्युलर केबल्सबद्दल एक धोक्याची गोष्ट. एसएमपीएसच्या बाजूचं त्यांचं टोक कोणत्याही नियमाने बांधलेलं नाही. एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसमध्ये छान बसते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊन सगळ्या एसएसडी एका क्षणात जातात. त्यामुळे सेकंडहँड मॉड्युलर एसएमपीएस स्वतःच्या मूळ केबल्सशिवाय फुकटही घेऊ नये. एरवीही सेकंडहँड घ्यायचाच तर वॉरंटी शिल्लक असलेला आणि बिलासकट. हिरवी आणि काळी तार जोडून पंखा फिरवून दाखवला म्हणजे 'चेक केला' असं होत नाही, पंखा तर पहिल्या पर्यायाचाही झोकात फिरतो. गेम चालू ठेवून पिवळ्या तारेवर मल्टिमीटर लावा. ११.४ ते १२.६ च्या आत राहिला तर पुढे बोलावं.

भाच्याने शेवटी दुसराच घेतला, पाच वर्षं वॉरंटीचा. तो साताऱ्यात राहतो, म्हणून १००-२४० वाला. वाचलेल्या पैशातून एसएसडी मोठी केली आणि घरमालकाच्या मागे लागून खोलीत अर्थिंग करून घेतलं. कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॅटचा डबा दुकानदार परत घेईना. तो आता आमच्या गावच्या घरी आहे, हिरवी-काळी तार जोडून. १२ व्होल्टवर कार स्टिरिओ वाजवतो, गणपतीत पाच दिवस अखंड. स्टिरिओला पाच अँपियरही लागत नाहीत, त्यामुळे १६ अँपियरचा तो डबा तिथे अगदी थाटात असतो.